आळ रंगावर, करणी गवताची

रुग्ण पुरुष, वय ५२. मूळ गाव मोहोळ तालुक्यात, बिऱ्हाड सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला. टॉवेल-चादरींच्या एका कारखान्याच्या डायहाऊसमध्ये, म्हणजे रंगाई विभागात, वीसेक वर्षं नोकरी. तक्रार अशी: पाच वर्षांपासून मान, पापण्या, कानांच्या मागे आणि कोपराच्या आतल्या घडीत पुरळ, आणि खाज इतकी की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ‘रंगाची ॲलर्जी’ हे निदान त्यांनी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं की दोन वर्षांपूर्वी त्यांनी नोकरीच सोडली. पुरळ गेलं नाही, वाढलं. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या वाढण्यामुळे. ज्या गोष्टीपासून माणूस लांब गेला तीच कारण असती, तर उतार पडायला हवा होता.

मी त्यांना मामा म्हणतो, इथेही तेच चालू ठेवतो. लिहिण्याला त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

पिशवीतल्या ट्यूबा

मामांबरोबर मामी होत्या आणि मामींच्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून एक फुगलेली फाइल निघाली, आणि तिच्यामागून मलमाच्या ट्यूबा, शेपटीकडून घट्ट गुंडाळत आणलेल्या. मी एकेक ट्यूब उलगडून मागचं बारीक अक्षर वाचत गेलो. नावं निरनिराळी, आतला मसाला जवळपास एकच: एक जोरदार स्टेरॉइड, बहुतेकांत क्लोबेटासॉल, जोडीला एक बुरशीनाशक, वर एखाद-दुसरं जंतुनाशक, दोन ट्यूबांत निओमायसिन. खाज असो, गजकर्ण असो की फोड असो, काउंटरवरून हातात पडतं ते हेच.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. मी मामांना विचारलं, चिठ्ठी दाखवून आणलीत का?

“चिठ्ठी कशाला लागतीय? रिकामी ट्यूब दाखवली की देतेत की.”

स्टेरॉइड वाईट औषध नव्हे. त्वचेच्या डॉक्टरचं निम्मं काम त्यावर चालतं आणि या प्रकरणातही पुढे तेच कामी आलं. पण कारण न शोधता लावलेलं स्टेरॉइड तीन दिवसांत लाली घालवतं, चौथ्या दिवशी माणूस ट्यूब कोनाड्यात ठेवतो आणि आठवड्याभरात पुरळ पुन्हा हजर. असं पाच वर्षं चाललं. दरम्यान मानेची कातडी पातळ होऊन तिच्यावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या, आणि आजाराचं मूळ रूप पुसलं गेलं होतं.

पुसलं गेलं म्हणजे कसं, ते जांघेत दिसलं. “आता खालपर्यंत पसरलंय,” असं मामा म्हणाले. घरच्यांची खरी भीती हीच होती. पसरतंय म्हणजे रक्तातलंच काहीतरी असणार, असा त्यांचा हिशेब. जांघेत तपकिरी, पापुद्रे सुटणारा पट्टा होता, पण गजकर्णाला असते तशी स्वच्छ कड त्याला नव्हती. स्टेरॉइड फासलेल्या गजकर्णाची कड अशीच विरघळते. ब्लेडच्या पाठीने पापुद्रे खरवडून काचपट्टीवर घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. बुरशीचे फांद्या फुटलेले धागे समोरच होते. तेव्हा पसरलेलं काही नव्हतंच. मानेवर एक आजार, जांघेत दुसरा, आणि दुसरा बव्हंशी पहिल्याच्या मलमाने पोसलेला.

शेंगांचा रिपोर्ट

फाइलमध्ये एका लॅबचं ‘ॲलर्जी पॅकेज’ होतं. काही हजार रुपये देऊन केलेली रक्ततपासणी, पदार्थांची लांबलचक यादी, प्रत्येकासमोर आकडा आणि रंगीत पट्टी. शेंगदाणा, वांगं आणि धुळीतला किडा यांच्यासमोर पट्टी पिवळी होती. कोळंबीसमोरही होती, मामांनी आयुष्यात कोळंबी पाहिलेली नाही. त्या कागदाच्या जोरावर घरातली शेंगाचटणी बंद झाली. सोलापुरात शेंगाचटणी बंद म्हणजे कडक भाकरीला सोबतच उरली नाही. मामी म्हणाल्या, “दोन वर्षं झाली ओ डॉक्टर, ह्यांच्या ताटात वाढायला हात होत नाही, आणि आम्हांला खायला तोंड होत नाही.”

ही तपासणी रक्तातलं आयजीई नावाचं प्रतिद्रव्य मोजते. त्याची ॲलर्जी तडकाफडकी असते: खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, दम लागतो. मामांना होतं त्यात आयजीईचा संबंध नव्हता. कातडीला एखादी वस्तू लागते, पांढऱ्या पेशींतल्या टी-पेशी तिला ओळखतात आणि एक ते तीन दिवसांनी तिथे लाली, पाणी, खाज सुरू होते. या उशिराच्या ॲलर्जीचा आयजीईच्या यादीत मागमूस लागत नाही. शिवाय यादीत पट्टी पिवळी असणं आणि तो पदार्थ बाधणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामांनी पन्नास वर्षं शेंगा खाल्ल्या होत्या, काही झालेलं नव्हतं. मी चटणी सुरू करायला सांगितली. झाली, आणि पुरळात तिळमात्र फरक पडला नाही. (ज्याचे शेंगा खाऊन खरोखरच ओठ सुजलेत, त्याने हा प्रयोग घरी करू नये.)

‘पित्त उठलंय’ हेही निदान वाटेत कुणीतरी केलं होतं. त्याचा उलगडा घरच्या घरी होतो. उठलेल्या गांधीभोवती पेनाने रिंगण काढायचं. पित्ताची गांध चोवीस तासांच्या आत त्या रिंगणातून नाहीशी होते, भले शेजारी दुसरी उठो. मामांच्या मानेवरचे चट्टे महिनोन्‌महिने जागचे हलले नव्हते.

सणांचं कॅलेंडर

कोणत्या महिन्यात जास्त होतं, असं विचारलं तर बहुतेक रुग्ण “कायमच हाय की” म्हणतात. मामाही तेच म्हणाले. मग मी महिने सोडून सण विचारले. पहिल्या वर्षी सुरुवात कधी झाली? नागपंचमीच्या आसपास. जोर कधी होता? गौरी-गणपतीपासून दसऱ्यापर्यंत. उतरलं कधी? संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला ते होम मैदानावर गेले होते, तेव्हा मान साफ होती. पहिली दोन-तीन वर्षं हाच क्रम. पुढे पुढे उतरायचं प्रमाण कमी होत गेलं आणि आता बाराही महिने. उन्हाळ्यात सोलापूर ४३-४४ अंशांवर गेलं की घामाने खाज वाढायची, म्हणून ‘अंगात उष्णता’ हेही कारण घरात मान्य झालेलं होतं.

कामाच्या जागेवरून होणारा त्वचाविकार ओळखायचा एक जुना प्रश्न आहे: सुट्टीत बरं वाटतं का? मामा दरवर्षी गौरी-गणपतीला रजा काढून भावाकडे मोहोळला जात, शेतात राहत. डायहाऊस बंद, रंगाचा संबंध नाही. आणि दरवर्षी तिथून परतताना पुरळ जास्त घेऊन येत. ते त्याचा अर्थ ‘पाणी बदललं’ असा लावत.

नोकरी सोडल्यावर त्यांनी शहराबाहेर विजापूर रोडच्या अंगाला एका मोकळ्या प्लॉटवर वॉचमनचं काम धरलं होतं. लिंबाखाली खुर्ची, बारा तासांची पाळी. मागच्या शिमग्याच्या सुमारास मालकाने प्लॉटवरचं वाळकं गवत जाळायला सांगितलं. मामांनी ते दाताळ्याने गोळा केलं आणि पेटवलं. तिसऱ्या दिवशी डोळे इतके सुजले की उघडेनात. ‘डोळ्यात धूर गेला’ म्हणून डोळ्यांचे थेंब आणले गेले. प्लॉटवर कसलं गवत होतं, असं मी विचारलं.

“आपलं गाजरगवतच की. कमरेएवढं.”

संशय इथे पक्का व्हायला लागला. पण पाच वर्षं दुसऱ्यांच्या संशयावर काढलेल्या माणसाला आणखी एक संशय देऊन पाठवण्यात अर्थ नव्हता.

कान दुमडून बघणं

त्वचेच्या तपासणीत पुरळ कसं दिसतं यापेक्षा कुठे आहे आणि कुठे नाही, याला मी जास्त वजन देतो. मामांच्या वरच्या पापण्या जाड, सुरकुतलेल्या आणि राखी-लाल. नाकाच्या बाजूने ओठाकडे उतरणाऱ्या घडीत लाली. गळ्यावर शर्टाच्या उघड्या गुंडीच्या आकाराचा त्रिकोण. कोपराच्या आतल्या बाजूची कातडी खाजवून इतकी जाड झालेली की तिच्यावरच्या रेषा बोटाला लागत होत्या.

इथपर्यंत पाहून उन्हाची ॲलर्जी म्हणावंसं वाटतं, आणि एका जुन्या कागदावर तसं लिहिलेलंही होतं. त्यासाठी तीन जागा बघायच्या असतात, जिथे ऊन पोचत नाही: वरच्या पापणीची घडी, हनुवटीच्या खालचा भाग आणि कानाची मागची बाजू. उन्हाचं पुरळ या जागा सोडून देतं. मी कान पुढे दुमडला. मागची कातडी लाल, ओलसर, पापुद्रे धरलेली. दुसऱ्या कानामागेही तेच. हनुवटी वर करायला सांगितली, तिथेही तेच. ऊन कानामागे जात नाही; हवेतून उडणारी धूळ मात्र जाते आणि घामाने तिथेच बसून राहते. हवेतून येणाऱ्या वस्तूच्या स्पर्श-ॲलर्जीचा हा नकाशा आहे. कान दुमडायला पैसे पडत नाहीत. फुगलेल्या त्या फाइलमध्ये मात्र कानामागच्या भागाचा उल्लेख एकाही कागदावर नव्हता.

मग रंग का नाही? डायहाऊसमध्ये मामांचं काम रंगवून काढलेला ओला माल हायड्रोमध्ये, म्हणजे पाणी पिळणाऱ्या यंत्रात, भरायचा, पिळून काढायचा आणि ड्रायरकडे द्यायचा. म्हणजे रंगाचं पाणी सगळ्यात जास्त लागणार ते हातांना, मनगटांना, पोटऱ्यांना. हात स्वच्छ होते: बोटांच्या बेचक्या, मनगट, तळवा, कुठेही काही नाही. सोलापूरचे टॉवेल आणि चादरी मुख्यतः सुती. सुतावर चालणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांची भुकटी उडते तेव्हा ती हवेतून तोंडावर बसू शकते आणि दम्यासारखा त्रासही देऊ शकते, हे खरं. पण ते होतं भुकटी तोलणाऱ्या-कालवणाऱ्या माणसाला, आणि ते काम मामांकडे कधीच नव्हतं. कपड्यांच्या रंगांत ॲलर्जीसाठी बदनाम असलेले डिस्पर्स रंग पॉलिस्टरवर वापरतात. आणखी एक युक्तिवाद मामांचे चिरंजीव करत होते: इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच रंग कसा बाधेल? तो मात्र मी बाजूला ठेवला. स्पर्श-ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही एका दिवशी सुरू होते. केसांच्या काळ्या डायवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

बाकीचे संशयित

खरूज असती तर बोटांच्या बेचक्या, बेंबीभोवतीचा भाग सुटला नसता आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला खाज नसते, बधिरपणा असतो. मामांच्या चट्ट्यांना स्पर्श नीट कळत होता. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार, त्यासाठी रक्तातली एएनए चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. रक्तदाब किंवा साखरेची गोळी नव्हती, त्यामुळे औषधाची रिॲक्शन मागे पडली.

एका गोष्टीसाठी मात्र कातडीचा तुकडा काढला. पन्नाशीनंतर वर्षानुवर्षं न हटणाऱ्या पुरळामागे क्वचित त्वचेतला लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, असतो आणि सुरुवातीला तो अगदी इसबासारखाच वागतो. चार मिलिमीटरचा तुकडा, एक टाका. मामी त्या आठवडाभर फार घाबरलेल्या होत्या. रिपोर्टमध्ये स्पॉन्जिओसिस आला, म्हणजे पेशींच्या मधे पाणी साचलेलं, इसबाचं चित्र. लिम्फोमाच्या पेशी नाहीत. बायोप्सीने एवढंच सांगितलं की हे इसब आहे. कशामुळे आहे, हे बायोप्सी सांगत नाही.

पाठीवरची परीक्षा

ते सांगते पॅच टेस्ट. पण ती लगेच करता आली नाही. मामा आले तेव्हा दसरा नुकताच झाला होता आणि पुरळ पेटलेलं होतं. अशा वेळी चाचणी केली तर पाठ चिडते, जे लावाल ते पॉझिटिव्ह दिसतं आणि काहीच कळत नाही. स्टेरॉइडची गोळी जास्त डोसमध्ये चालू असेल तर उलट होतं, खरी ॲलर्जीही दबते. त्यात सोलापूरचा घाम. उन्हाळ्यात पाठीवरच्या पट्ट्या दोन दिवस टिकवणं म्हणजे दिव्यच. म्हणून आधी औषधाने पुरळ शांत केलं, गोळी उतरवून बंद केली, काही आठवडे मधे जाऊ दिले आणि थंडी पडल्यावर पॅच टेस्ट लावली.

छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्या असतात, चिकटपट्टीवर ओळीने बसवलेल्या. प्रत्येक वाटीत एक पदार्थ, ठरलेल्या प्रमाणात पेट्रोलियम जेलीत किंवा पाण्यात मिसळलेला. भारतासाठी पदार्थांची एक प्रमाण मालिका आहे: सिमेंटमधला क्रोमियम, खोट्या दागिन्यांतलं निकेल, हेअर डायमधलं पीपीडी, सुगंधी मिश्रण, निओमायसिन, आणि पार्थेनियम म्हणजे आपलं गाजरगवत. तिच्यासोबत मी कपड्यांच्या रंगांची मालिका लावली. डायहाऊसमधल्या मामांच्या जुन्या सोबत्याने तिथल्या रंगांचे लेबलसकट नमुने आणून दिले, तेही पातळ करून लावले. रंगाची भुकटी तशीच पाठीवर फासायची नसते. त्याने कातडी भाजते आणि भाजणं म्हणजे ॲलर्जी नव्हे.

दोन दिवस अंघोळ बंद, पाठ कोरडी. ४८ तासांनी पट्ट्या काढल्या. पार्थेनियमच्या जागी लाल, टणक, वर पाण्याचे बारीक फोड आलेला रुपया उठला होता. आमच्या खुणांत तीन अधिक, सगळ्यात वरची पायरी. रंगांच्या सगळ्या जागा कोऱ्या. निओमायसिनची जागाही कोरी होती. ९६ तासांनी पुन्हा पाहिलं तेव्हा मात्र निओमायसिनच्या जागी लाल फुगवटा आला होता, एक अधिक. निओमायसिन उशिरा उगवणाऱ्यांपैकी आहे. दुसरं वाचन टाळलं असतं तर ते निसटलं असतं. म्हणजे पिशवीतल्या ट्यूबांपैकी दोन तरी अशा होत्या, ज्यांतलं स्टेरॉइड विझवत होतं आणि निओमायसिन थोडं थोडं पेटवत होतं.

मामा आरशात पाठ बघत म्हणाले, “मग मी नोकरी कशाला सोडली म्हणायची?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामी काही बोलल्या नाहीत.

गवताचं कुळ

गाजरगवत, काँग्रेस गवत, कुठे चटकचांदणी. मूळचं मध्य अमेरिकेकडचं. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते नजरेत भरलं; परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. एका झाडाला हजारोंनी बी येतं, जनावर ते खात नाही, आणि पडीक जमीन, रस्त्याची कड, रेल्वेची हद्द, शेताचा बांध अशी कुणाचीच नसलेली जागा त्याला फार मानवते. सोलापुरात जूनच्या सरी पडल्या की महिन्याभरात मोकळे प्लॉट हिरवे दिसायला लागतात. तो हिरवेपणा बहुतेक याचाच.

त्याच्या पानांवर, खोडावर आणि फुलांवर बारीक लव असते आणि तिच्यात पार्थेनिन हे द्रव्य असतं. झाड वाळलं तरी ते जात नाही. वाळलेल्या पानांचा भुगा होऊन वाऱ्यावर जातो, म्हणून हात न लावताही त्रास होतो. जाळलं तर अर्धवट जळालेले कण धुराबरोबर उडतात, आणि शिमग्याला मामांचे डोळे सुजले ते यानेच. पहिली काही वर्षं त्रास पावसाळी असतो, पुढे बारमाही होतो, आणि काहींची कातडी मग उन्हालाही नाजूक होते. मामांचं कॅलेंडर या चालीने तंतोतंत गेलं होतं. कारखान्याकडे जाताना ते मधल्या मोकळ्या प्लॉटांतून सायकलची पाऊलवाट धरायचे. रजेत भावाच्या बांधावर. नोकरी सोडल्यावर थेट गवताच्या मधोमध, बारा तास. रंगापासून लांब पळताना ते गवताच्या कुशीत जाऊन बसले होते.

एकाच घरात एकालाच का, हा मामींचा प्रश्न. ज्याच्या टी-पेशी एकदा पार्थेनिन ओळखायला शिकल्या, त्याला होतं. बाकीच्यांना तेच गवत रोज ओलांडूनही काही होत नाही. हे लागट नाही. मामींनी मामांचा तांब्या, ताट आणि टॉवेल वेगळा काढला होता. तांब्या-ताट परत एकत्र करा म्हटलं. टॉवेल मात्र काही दिवस वेगळाच राहू दे, कारण जांघेतलं गजकर्ण लागट आहे. हे सांगितल्यावर मामा बायकोकडे जरा तिरकं बघून हसले. त्या टॉवेलवरून घरात बरंच झालं असावं.

उपचार

सगळ्या मिश्र ट्यूबा बंद. जांघेला बुरशीची गोळी आणि साधं बुरशीनाशक मलम, बरं दिसायला लागल्यावरही काही आठवडे चालू. मानेला मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम, ठरावीक दिवस. पापण्यांची कातडी पातळ आणि खाली डोळा. तिथे स्टेरॉइड जास्त दिवस चालत नाही, म्हणून टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम. सुरुवातीला दोन दिवस जळजळ होते, हे आधीच सांगून ठेवलं. नाहीतर माणूस ते फेकून जुन्या ट्यूबेकडे परत जातो.

आजार इतका जुना असला की मलमावर भागत नाही. पॅच टेस्टनंतर ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी सुरू केली. पार्थेनियमच्या इसबावर हे औषध भारतात बराच काळ वापरात आहे. दिल्लीच्या एम्समध्ये त्याच्या आठवड्यातून एकदा द्यायच्या डोसवरही काम झालं आहे. औषध चांगलं, पण मनाने घ्यायचं नव्हे. काहींच्या शरीरात ते नीट मोडलं जात नाही आणि पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीला घसरतात. म्हणून आधी रक्त, यकृत, छातीचा एक्स-रे, आणि नंतरही ठरल्या वेळी रक्ततपासणी. ताप आला किंवा तोंड आलं तर गोळी थांबवून आधी यायचं, हे मामींकडून दोनदा वदवून घेतलं.

औषधापेक्षा अवघड भाग होता गवत टाळण्याचा. वॉचमनचं काम सोडणं भाग होतं. मी एक पत्र दिलं: रंगांच्या चाचण्या निगेटिव्ह आहेत, डायहाऊसमध्ये काम करायला वैद्यकीय हरकत नाही. जुन्या कारखान्यात हायड्रोवर दुसरा माणूस लागलेला होता. मामांना घडी-पॅकिंगला घेतलं, पगार आधीपेक्षा कमी. सायकल आता लांबच्या डांबरी रस्त्याने जाते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याशी गुंडी लावलेली, आणि घरी आल्याबरोबर अंघोळ करून कपडे बदलायचे. धुतलेले कपडे मोकळ्या प्लॉटाकडच्या दोरीवर वाळत घालायचे नाहीत, कारण वाळत घातलेला शर्ट दिवसभर भुगा धरत बसतो.

शेवंतीही याच कुळातली. गाजरगवत बाधणाऱ्यांपैकी काहींना तीही बाधते. दसरा-दिवाळीला मामा देवाला हार स्वतः ओवत; ते काम आता सूनबाईंकडे गेलं आहे आणि हारात मोगरा-जास्वंद आली आहे.

भावाच्या बांधावरचं गवत यंदा फुलावर यायच्या आत, पावसाने जमीन ओली असताना, मुळासकट उपटलं गेलं. हातमोजे घालून, आणि मामांना तिकडे फिरकू न देता. बांधावर टाकळ्याचं बी टाकलंय. तो दाट उगवतो आणि गाजरगवताला जागा देत नाही. मेक्सिकोहून आणलेला, हेच गवत खाणारा भुंगा देशात १९८४ पासून सोडलेला आहे. पावसाळ्यात पानांची चाळण करताना तो दिसतोही, पण एकट्या त्याच्या भरवशावर बांध साफ होत नाही.

सध्या

मानेची कातडी पुष्कळ मऊ झाली आहे. पातळ झालेल्या भागावरच्या लाल शिरा राहिल्यात आणि त्यातल्या काही राहणारच. जांघ स्वच्छ आहे. यंदा गौरी-गणपतीत मामा मोहोळला दोनच दिवस गेले, बहुतेक वेळ घरात बसले, तरी परतल्यावर मानेवर थोडं उठलं. पाच दिवसांच्या मलमावर बसलं. पूर्वीच्या मानाने हे काहीच नाही, पण गवत उभं आहे तोवर असं अधूनमधून होत राहणार, याची त्यांना कल्पना दिली आहे. ॲझाथायोप्रिनचा डोस संक्रांतीनंतर कमी करून बघायचा बेत आहे, रक्ताचे आकडे साथ देतील तर. ते पूर्ण बंद करता येईल का, हे पुढच्या श्रावणात मान कशी राहते त्यावर ठरवू.